आंबेसरच्या नर्सबाईच्या राजीनाम्याची कारणे

प्रति,
मे. सिव्हिल सर्जनसाहेब,
पश्चिम खानदेश जिल्हा,
मुक्काम धुळे.

अर्जदार : तापीबाई कोम कै. सुपडू पाटील, वय वर्षे एकतीस, नर्स व सुईण, धर्मादाय दवाखाना, मौजे आंबेसर, तालुका तळोदे. हल्ली मुक्काम तळोदे.

विषय : राजीनाम्याची कारणे सविस्तर कळविणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ता. १९ एप्रिल १९३७.

महोदय,

१. वर नमूद केलेल्या पत्रात आपण विचारले आहे की, अर्जदाराने ता. २ एप्रिल रोजी दिलेल्या राजीनाम्यात कारण लिहिलेले नाही, आणि दवाखाना कमिटीने त्यावर 'बाईमाणसाची लहर' असा शेरा मारून तो आपणाकडे पाठविला आहे. तरी खरे कारण काय ते कळवावे. आपण असेही लिहिले आहे की, शिकलेल्या नर्सेस दोन-चार वर्षांत हा धंदा का सोडतात हे सरकारासही समजून घ्यावयाचे आहे. विचारणारे कोणी भेटले म्हणून अर्जदार लिहीत आहे. मजकूर लांबला तर माफी असावी.

२. लोकांचा समज असा आहे की, नर्स रक्ताला, घाणीला आणि कण्हण्या-ओरडण्याला कंटाळून जाते. अर्जदारापुरते हे साफ चूक आहे. अर्जदार तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरची. सतराव्या वर्षी नवरा साप चावून वारला, तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती. बाळंतपणाला जी म्हातारी आली तिने गोठ्यातले हात पदराला पुसले आणि कामाला लागली. मूल तिसऱ्या दिवशी आचके देऊन गेले. अर्जदार एकवीस दिवस तापात होती आणि वाचली. पुढे तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तिला पुण्यास सुईणपण शिकावयास पाठविले. निघाली त्या दिवशी वडील धुडकू पाटील ओट्यावर पाठ करून बसले होते. "तू आम्हले मरी गई," एवढेच बोलले. आईने दाराआडून भाकरी बांधून दिली. ते सर्व अर्जदाराने गिळले, कारण धुतलेल्या हातांनी मूल कसे जगते हे तिला आपल्या डोळ्यांनी पाहावयाचे होते. आंबेसरास सहा वर्षांत तिच्या हातून चारशेवर बाळंतपणे झाली. रक्ताची किळस तिला एकदाही आली नाही.

३. किळस आली ती माणसांची. ती पहिल्याच वर्षी येऊ लागली होती.

अडलेल्या बाईच्या घरी नर्सबाईला हाताला धरून आत नेतात. तेव्हा ती देवी असते. नाळ कापली की तिचा विटाळ सुरू होतो. मग तिला मागच्या दाराने काढून परसात, म्हशीच्या खुंट्यापाशी हात धुवावयास लावतात. चहा करवंटीत देतात आणि ती करवंटी तिच्याच हाताने उकिरड्यावर टाकवतात. ती बसली तेथे गोमूत्र शिंपडतात, तेही ती फाटकाबाहेर जाण्याआधी. कमिटीचे अध्यक्ष करणसिंग जामसिंग गिरासे यांच्या थोरल्या सुनेचे बाळंतपण अर्जदाराने केले. बाळाच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते, मूल निळे पडले होते. अर्जदाराने तोंडाने श्वास घालून त्याला रडविले. तो मुलगा आज चार वर्षांचा आहे. त्या दिवशी अध्यक्षांच्या मातोश्री, "तठेच बस, वर येऊ नको," असे म्हणाल्या आणि शिधा दुरून पदरात टाकला. त्यातले तांदूळ अर्धे मातीत पडले. अर्जदाराने ते वेचले नाहीत. एवढाच काय तो तिचा उद्धटपणा, आणि तोही कमिटीच्या कानावर गेला.

४. दुसरी गोष्ट लिहिण्यास लाज वाटते. पण ज्यांना वाटावयास हवी त्यांना ती वाटली नाही, म्हणून लिहिते. एकटी राहणारी, शिकलेली, विधवा नर्स म्हणजे रस्त्यावरचा हापसा, कोणीही यावे आणि दांडा ओढावा, अशी समजूत आंबेसरच्या काही प्रतिष्ठित गृहस्थांची आहे. कमिटीचे चिटणीस संध्याकाळी नाडी दाखविण्यास येत. नाडी ठीक असे. अर्जदार दाराला आतून कडी लावू लागली. तेव्हा कमिटीने ठराव केला की, 'नर्सबाईंनी आपल्या खोलीस आतून कडी लावू नये, तातडीच्या रोग्यास अडचण होते.' ठरावाची नक्कल सोबत जोडली आहे. त्यावर सात सह्या आहेत. सातही जण मुलीबाळींचे बाप आहेत. अर्जदाराने ठरावाचा मान राखून कडी काढली आणि दारामागे पाटा लावून ठेवला. दवाखान्यातील झाडूवाली मंगलाबाई आपले अंथरूण घेऊन अर्जदाराच्या खोलीत निजू लागली, म्हणून ती सहा वर्षे निघाली. यावरून गावात जे बोलले गेले ते कागदावर येण्याच्या लायकीचे नाही.

५. हे सर्व असूनही अर्जदाराने राजीनामा दिला नव्हता. दिला तो पुढील प्रसंगानंतर. तो जसा घडला तसा लिहिला आहे, आणि अर्जदाराचा स्वतःचा दोष जेथे आहे तेथे तोही लिहिला आहे.

ता. ११ मार्च १९३७, गुरुवार, सकाळी दहाच्या सुमारास सातपुड्यातील उमरीपाड्याहून फुलीबाई नावाच्या बाईस झोळीत घालून आणले. वय एकोणीस-वीस. पहिलटकरीण. बरोबर नवरा गोवाल, सासू कालीबाई आणि झोळीला खांदा देणारे तिघे. आदल्या दिवशी पहाटेपासून कळा चालू होत्या. डोंगरातली माणसे दवाखान्यात सहसा येत नाहीत. मागल्या वर्षी अर्जदार देवीची लस टोचणाऱ्यांबरोबर त्या पाड्यावर गेली होती, तेव्हा फुलीबाईने तिला नाचणीची भाकरी आपल्याच ताटात वाढली होती. तेवढ्या ओळखीवर ती नऊ कोस उतरून आली.

बाळंतपणाची खोली तेव्हा बंद होती. डिसेंबरपासून तीत चिटणीसांच्या सरकीची पोती भरलेली होती आणि किल्ली त्यांच्याकडे होती. बाळंतपणाचे टेबल पोत्यांच्या मागे. तीन महिने अर्जदार ओसरीत लुगड्याचा आडोसा करून बायकांना मोकळे करीत होती. फुलीबाईलाही तेथेच घेतले. तपासले तर मूल पायाळू होते. गर्भाशयाचे तोंड अजून पुरते उघडले नव्हते, मुलाचे ठोके चांगले होते. अशा मुलाचे अंग सहज येते, डोके अडते. त्या घटकेला शिकलेला हात पाहिजे. ओढाओढ झाली की संपले. अर्जदाराच्या अंदाजाने अजून अडीच-तीन तास होते. तिने डॉक्टरांसाठी तळोद्यास माणूस पाठविला, पाणी उकळावयास ठेवले, आणि फुलीबाईला खुणेने सांगितले की भिऊ नको. ती हसली. तिचे पुढचे दोन दात किंचित एकावर एक होते.

६. अकरा वाजता अध्यक्षांचा गडी छकडा घेऊन आला. म्हणाला, "बाई, चाल. मालकनी घोडी अडी गई. सालोत्री शहादाले जायेल शे."

अर्जदारास वाटले की आपण चुकीचे ऐकले. तिने पुन्हा विचारले. पुन्हा तेच : मालकांची घोडी अडली होती आणि ढोरांचा डॉक्टर शहाद्यास गेला होता. अध्यक्षांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली पांढरी घोडी सकाळपासून विण्यास बसली होती. शिंगराचे एक तंगडे आत दुमडले होते. पुरुषांचा हात जाड, म्हणून नर्सबाईचा बारीक हात पाहिजे होता. अर्जदाराने सांगितले की, येथे बाई अडली आहे, हलता येणार नाही. गडी गेला. वीस मिनिटांत अध्यक्ष स्वतः आले. ओसरीच्या पायरीवर जोड्यांनिशी उभे राहिले आणि आडोशाकडे पाठही न करता बोलले, "बाया ते रोजच बायतीन व्हतीस. आशी घोडी परत भेटाव नही."

अर्जदार म्हणाली, "मी माणसांची नर्स आहे."

"तू कमिटीनी नोकर शे," ते म्हणाले. मग कंपाउंडर भीमसिंग यांच्याकडे वळून म्हणाले, "बाई येत नसनी ते यास्ले आवारना बाहेर काढा. दवाखाना मन्हा बापना नावना शे."

भीमसिंगांनी झोळीचा बांबू खरोखरच उचलला. कळ चालू असलेल्या बाईला ते झोळीत घालू लागले. खांदा देणारे तिघे उभे राहिले होते, पण हात वर करण्याची त्यांची छाती झाली नाही. गोवाल अध्यक्षांच्या पायापाशी बसला. फुलीबाईने अर्जदाराच्या पदराचे टोक मुठीत धरले होते.

साहेब, येथे अर्जदाराने हिशेब केला. उन्हात, रस्त्यावर, धुळीत मूल होण्यापेक्षा ओसरीत तासभर ती निभेल. घोडीचे काम तासात उरकून येता येईल. म्हणून फुलीबाईला ओसरीतून हलवू नये या अटीवर अर्जदार छकड्यात बसली. मंगलाबाईस सांगून गेली की काही झाले तरी मुलाला कोणी ओढू द्यावयाचे नाही. पदराचे टोक सोडवून घ्यावे लागले. बोटे एकेक करून उघडली.

७. अध्यक्षांच्या वाडीत पन्नासएक माणसे जमली होती. घोडीसाठी कनातीचा आडोसा केला होता, स्वच्छ कडबा अंथरला होता, वारा घालण्यास दोन माणसे होती. अर्जदाराने खांद्यापर्यंत हात घालून दुमडलेले तंगडे सरळ केले. जनावराचा यात काही अपराध नव्हता, हे येथे लिहिणे न्यायाचे आहे; ते बिचारे घामाने निथळत होते. काम तासात झाले नाही. एक वाजून गेल्यावर शिंगरू बाहेर आले, जिवंत. माणसांनी गुलाल उधळला, गूळ वाटला.

अर्जदार निघू लागली तर तिला सोडीनात. शिंगरू उभे राहून दूध पिईपर्यंत थांब म्हणाले. छकडा दिला नाही. बैल सोडले होते. आणि जी गोष्ट अर्जदारास आजही विसरता येत नाही ती अशी, की हात धुण्यास तिला पितळी घंगाळात ऊन पाणी दिले. पुसण्यास नवा पंचा दिला. अध्यक्षांच्या मातोश्री, ज्यांनी नातवाच्या जन्मावेळी तिला म्हशीच्या खुंट्यापाशी बसविले, त्या म्हणाल्या, "बाई, वर बस ना." कपात चहा आला. घोडीच्या बाळंतपणाचा विटाळ नसतो म्हणे. माणसाच्या रक्ताने बाटणारी नर्स घोडीच्या रक्ताने पवित्र झाली होती. अर्जदाराने कप ओट्यावर तसाच ठेवला आणि चालत निघाली. पुढे पळत.

८. पोहोचली तेव्हा सव्वादोन वाजले होते.

अंदाज चुकला होता. अर्जदार गेल्यावर पाऊण तासातच मुलाचे अंग खांद्यापर्यंत बाहेर आले आणि डोके अडले. मंगलाबाई रडत सांगू लागली, "मी सांगं, वढू नका, पन कोनी आयकं नही." कालीबाईने ओढले होते. अर्जदार कालीबाईस दोष देत नाही. सून डोळ्यांदेखत जात असता आणि जवळ कोणी जाणते नसता, जिच्या पोटी माया आहे ती ओढणारच. भीमसिंग आपल्या खोलीत औषधांच्या बाटल्या पुसत बसले होते. विचारता म्हणाले, बायकांच्या कामात त्यांनी कसे पडावे.

मूल गेले होते. अर्जदाराने डोके मोकळे केले, वार काढली, पोट दाबून धरले, हाताशी होते नव्हते ते सर्व उपाय केले. रक्त थांबले नाही. तळोद्यास पाठविलेला माणूस डॉक्टर दौऱ्यावर असल्याचा निरोप घेऊन चारला आला. पाचच्या आत फुलीबाई गेली. शेवटी तिने पुन्हा पदर धरला नाही. हाताला जोर नव्हता.

गोवाल तोपर्यंत जांभळीच्या झाडाखाली बसून होता. अर्जदार त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने मारले असते तर बरे झाले असते. तो बाजारात ऐकलेल्या मोडक्या अहिराणीत म्हणाला, "घोडी वाचनी का?"

अर्जदार म्हणाली, "हो."

"मंग बरं," असे म्हणून तो उठला आणि झोळीचा बांबू आणावयास गेला.

त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरोखरच एवढेच वाटले की, दोहोंतले एक तरी जगले. या सहा वर्षांत अर्जदाराने जे जे पाहिले त्यात याहून वाईट काही पाहिलेले नाही. एखाद्या माणसाची बायको घोडीपेक्षा स्वस्त, हे त्याला स्वतःलाही पटवून देईपर्यंत आपण सर्वांनी काय काय केले असेल, साहेब?

९. पुढील हकीकत थोडक्यात. आठ दिवसांनी अर्जदारास कमिटीची दोन पत्रे आली. तारीख एक, अक्षर एक. पहिल्यात 'अध्यक्षमहाशयांच्या घोडीस सुखरूप मोकळी केल्याबद्दल' नर्सबाईंचे आभार मानले होते. त्यात घोडीची जात, तिच्या आईचे नाव, शिंगराचा रंग, कपाळावरची चांदणी, सर्व तपशील होता. दुसऱ्यात खुलासा मागविला होता की, ता. ११ रोजी दवाखान्यात रोगी असता नर्सबाई 'खासगी कामासाठी' बाहेर का गेल्या. दवाखान्याच्या रजिस्टरात त्या दिवशीची नोंद अशी आहे : 'एक डोंगरी बाई, मरणासन्न आणली, मयत. नर्स गैरहजर.' नोंद भीमसिंगांच्या हातची आहे.

अर्जदाराने दोन्ही पत्रे शेजारी-शेजारी ठेवून वाचली आणि परसात जाऊन ओकली. हा शब्द अर्जात शोभत नाही हे तिला ठाऊक आहे. दुसरा सापडला नाही.

१०. राजीनामा दिल्यावर अर्जदाराने आपले सुईणपणाचे प्रमाणपत्र परत मागितले. नोकरीस लागताना ते कमिटीने ठेवून घेतले होते. चिटणीसांनी एक लिहून ठेवलेला जबाब पुढे केला : बाई मरणासन्न होती, नर्सचा अथवा कमिटीचा इलाज नव्हता. यावर सही करा आणि प्रमाणपत्र न्या, असे ते म्हणाले. प्रमाणपत्राशिवाय कोठल्याही दवाखान्यात अर्जदारास कोणी उभे करणार नाही. तिने टाक हातात घेतला होता, हे ती कबूल करते. टाक शाईत बुडवलाही. मग त्या जबाबात 'नर्सचा इलाज नव्हता' हे वाचून तिला कळले की, सहीनंतर तिला स्वतःलाही ते खरे वाटू लागेल. इलाज होता. अर्जदार तेथे असती तर बहुधा दोघेही वाचली असती, आणि अर्जदार तेथे नव्हती. टाक तिने खाली ठेवला. चिटणीस म्हणाले, बाई फार लहरी आहेत. तो शब्द तेथून आपल्यापर्यंत आला.

११. आपण विचारले आहे की नर्सेस का जातात. अर्जदाराबरोबर शिकलेल्या सातजणींपैकी चारजणींनी धंदा सोडला. एक सुरतेस कापडाच्या दुकानात आहे, एकीने बिजवराशी लग्न केले, एक भावाकडे धुणीभांडी करते, एकीचा पत्ता नाही. भाऊ शिव्या देतो, पण भाऊ आहे, असे तिसरीने लिहिले होते. त्यांच्यापैकी एकीनेही कधी रोग्यांबद्दल तक्रार केली नाही. आमचे हात तुम्हाला हवे असतात. हातांमागे जी बाई उभी असते तिच्याकडे पाहताना तुम्ही तोंड फिरवता. अर्जदाराचे कारण याहून निराळे नाही.

१२. सबब विनंती की :

राजीनाम्यावरील 'लहर' हा शेरा काढून टाकावा व तेथे हा अर्ज जोडावा. रजिस्टरातील 'एक डोंगरी बाई' खोडून तेथे 'फुलीबाई कोम गोवाल, राहणार उमरीपाडा, व तिचे मूल, मुलगी' असे लिहवावे, आणि 'नर्स गैरहजर' यापुढे ती कोठे होती व कोणाच्या हुकुमाने, तेही. बाळंतपणाची खोली पोत्यांपासून रिकामी करवावी. चैत्र-वैशाखात गावात सहाजणी मोकळ्या व्हावयाच्या आहेत. प्रमाणपत्र अर्जदारास विनाअट मिळावे.

१३. एक गोष्ट कळविणे राहिले. मागल्या मंगळवारी कालीबाई तळोद्याच्या बाजाराला आली आणि विचारीत विचारीत अर्जदाराच्या बिऱ्हाडी पोहोचली. दुपारभर पायरीवर बसून होती, आत येईना, पाणी तेवढे प्याली. अर्जदार समोर बसली. ऊन उतरल्यावर तिने मोडक्या अहिराणीत सांगितले की तिची लेक गुलाबबाई हिला आठवा सरून नववा लागला आहे, आणि पाड्यावर सगळ्या घाबरल्या आहेत. तू वर येशील का, असे तिने विचारले. अर्जदार म्हणाली की, आता मी कोणत्याच दवाखान्याची नाही, माझ्याजवळ कागदसुद्धा नाही.

कालीबाईने अर्जदाराचे दोन्ही हात धरून उलटसुलट पाहिले. म्हणाली, "कागद नही ते नही. हात ते शेतस ना?"

कालीबाई उद्याच्या बाजाराला पुन्हा येणार आहे, आणि अर्जदार तिच्याबरोबर डोंगरात जात आहे. आंबेसरची नोकरी तिने सोडली ती सोडलीच. आपले उत्तर टपालाने पोहोचणार नाही. तळोद्याच्या मंगळवारच्या बाजारात उमरीपाड्याची माणसे मीठ घ्यावयास येतात, त्यांच्यापैकी कोणापाशीही द्यावे. मात्र ते वाचण्यास अर्जदारास फुरसत होईलच असे नाही.

लिहिण्यात अधिक-उणे झाले असल्यास क्षमा असावी. घडण्यात जे झाले त्यास नसावी.

आपली नम्र,
तापीबाई कोम कै. सुपडू पाटील
(सही दस्तुरखुद्द)
तळोदे, ता. ३ मे १९३७

सोबतची कागदपत्रे :
(१) दाराची कडी काढण्याविषयीचा कमिटीचा ठराव, नक्कल.
(२) घोडीबद्दल आभाराचे पत्र, अस्सल. परत पाठविण्याची गरज नाही.
(३) खुलासा मागणारे पत्र, त्याच तारखेचे, अस्सल.
(४) रजिस्टरातील नोंद, अर्जदाराने आपल्या हाताने उतरून घेतलेली. साक्षीदार मंगलाबाई, अंगठा.
(५) सुईणपणाचे प्रमाणपत्र : जोडता आले नाही. कमिटीच्या कपाटात आहे.